बाईंचा कान

बाईंची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. त्या चुकीचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्या चुकीने मान खाली जावी ती मी पुढे केली, आणि ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसलोय. पण आधी बाई सांगतो. तेवढाच माझा वेळ बरा जाईल.

डहाणूच्या खाडीकाठी माझी पत्र्याची शेड आहे. होड्या दुरुस्त करणं हा धंदा. जुनी लाकडी होडी गळायला लागली की लोक माझ्याकडे आणतात. मी तिला आतून काचेच्या धाग्यांची मॅट अंथरतो, वर रेझिन चढवतो आणि घट्ट, गुळगुळीत करून परत पाण्यात सोडतो. याला आमच्याकडे फायबर मारणं म्हणतात. माझ्या हातची होडी कधी गळत परत आली नाही, वाढवणपर्यंत कुणालाही विचारा, असं मी पूर्वी छाती काढून सांगायचो.

तर एके सकाळी काम संपवून मी होडीच्या अंगावर लाकडी हातोडी मारत चाललो होतो. फायबर कुठे सुटलं असेल तर तिथला आवाज बदलतो. सगळीकडून ठोकून झालं, मी हातोडी खाली ठेवली, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "डावीकडे परत ठोक. तिथे तू नीट ऐकलं नाहीस."

वळून बघतो तर एक उंच, सडसडीत म्हातारी. सुती साडी, पायांत पुरुषी सँडल, खांद्याला मासळीची पिशवी. म्हटलं, "आजी, रस्ता चुकलात काय?"

"रस्ता नाही चुकले, राळ शोधतेय. होडीवाल्यांकडे असते म्हणे. तू आधी डावीकडे ठोक."

मी चिडूनच ठोकलं. मला काहीच वेगळं वाटेना. तिने माझ्या हातून हातोडी घेतली, चार बोटं पुढे सरकली आणि हलकेच दोनदा मारली. "हे बघ. इथे मोकळं हसतंय, इथे दात दाबून हसतंय." मला हसणं कळलं नाही की दाबणं, पण हट्टाने कापून बघितलं. आत तळहाताएवढी जागा सुटलेली. ती होडी तशीच गेली असती तर माझं नाव पाण्यात गेलं असतं.

मी राळेचा खडा कागदात बांधून दिला आणि विचारलं, राळ कशाला. म्हणाली, "गजाला चोळायला. ये झाईला, दाखवते."

झाई म्हणजे आमच्या किनाऱ्याचं शेवटचं टोक, पुढे गुजरात. बाईंच्या ओटीवर मोबाइल महाराष्ट्रात असायचा आणि स्वयंपाकघरात गेला की गुजरातमध्ये. बाईंचं बोलणंही तसंच, मराठी बोलता बोलता मध्येच गुजराती "दीकरा" येऊन बसायचा. त्यांचे यजमान मुंबईत सिनेमाच्या गाण्यांमध्ये चेलो वाजवायचे. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. माणसाएवढा, खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून गजाने वाजवायचा, आवाज खर्जातला. तीस वर्षं ते शेवटच्या रांगेत बसले. "आमच्या ह्यांना जन्मभर एकटं असं कुणी ऐकलं नाही, माझ्याशिवाय," बाई म्हणायच्या. म्हातारपणी दोघं झाईला आली, वर्षभरात यजमान गेले आणि चेलो कोपऱ्यात उभा राहिला. बाईंनी जन्मभर शाळेत शिवणकाम शिकवलेलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी चेलो कोपऱ्यातून काढला आणि कुणालाही न विचारता वाजवायला घेतला.

वाजवणं त्यांचं बेताचंच होतं. ते त्या स्वतःच सांगत. "मला बोटं नाहीत रे. बोटं ह्यांना होती. मला नुसते कान आहेत. पण कान असले की बोटं लाजेकाजेस्तव येतात मागनं."

गावाने त्या वाद्याला 'बाईंचा रेडा' असं नाव ठेवलं होतं. संध्याकाळी ओटीवरून आवाज निघाला की मासळीवाल्या म्हणायच्या, हंबरला बाईंचा रेडा. बाईंना त्याचं काडीइतकं वाईट वाटत नसे. "रेड्याच्या तोंडून वेद वदवणारे होऊन गेले. माझ्या रेड्याने नुसता सा म्हटला तरी पुष्कळ."

मी चेलो शिकायला लागलो ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. चाळिशी उलटलेला माणूस, हातांना रेझिनचा वास, घरात कुणी टाळ धरला नव्हता. बायको म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही का, बुलबुलतरंग वगैरे?" पण त्या हातोडीने माझ्यावर काहीतरी केलं होतं. आपण जन्मभर ठोकत आलो आणि ऐकलं कधीच नाही, हे मनाला लागलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला चेलोला हातच लावू दिला नाही. मला खाली जमिनीवर बसवलं, माझी पाठ चेलोच्या पाठीला टेकवली आणि वरून त्या एकच तार ओढत राहिल्या. "कुठे वाजलं सांग." मी म्हटलं, "कानात." "खोटं. परत." अर्ध्या तासाने मी कबूल केलं की ते खालच्या दाढेत वाजतंय. बाई खूश. "झालं. आज एवढंच. घरी जा, जेव, जांभया दे. सराव करशील तर बघ." पुढचे दोन महिने असेच गेले. जाड तार बेंबीत, तिच्या पुढची छातीत, तिसरी गळ्यात आणि बारीक तार दाढेत. चार तारांना त्यांनी नावंही दिली होती, आजी, आई, मावशी आणि सून. मी बारीक तारेवर जोर दिला की ती किंचाळायची. "सुनेला दाबू नकोस, घर सोडून जाईल."

गज कसा धरायचा ते त्यांनी मला बोंबलावर शिकवलं. खराखुरा ओला बोंबील हातात दिला. "घट्ट धरलास तर फुटेल, सैल धरलास तर सटकेल. याच्यामधलं जे काय असेल ते शोध." मी तीन बोंबील फोडले. चौथा हातात राहिला. त्यांनी चारही तळले आणि चौथा मला वाढला.

चेलोच्या खाली टोकदार सळई असते, ती फरशीवर घसरते. त्यांनी ती उपड्या करवंटीत रोवलेली असायची. एक गज किती वेळ पुरवायचा याचं मापही त्यांनी शोधून काढलं होतं. ओटीवरून बस थांब्यावर आलेली दिसायची. बस सुटली की गज सुरू, आणि ती वळणाआड जाईपर्यंत तो संपता कामा नये. कधी एखादी म्हातारी धावत येऊन हात करायची, ड्रायव्हर तिच्यासाठी थांबायचा आणि माझा गज संपायचा. "ड्रायव्हरचं मन मोठं, तुझा गज आखूड," बाई म्हणायच्या.

माझं वाजवणं चालू असताना त्या खुशाल झोपायच्या. खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून. मला आधी अपमान वाटला. मग लक्षात आलं, मी सुरातून जरा खाली घसरलो की त्यांचं घोरणं थांबायचं, डोळे न उघडता त्या "वर ये" म्हणायच्या आणि परत घोरायला लागायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. मी मुद्दाम फसवून बघितलं आहे.

बाईंना लोक कोण म्हणून ओळखत? सर्टिफिकेट नाही, नोटेशन येत नाही, हात बेताचा. त्यांच्याजवळ उभं राहायला एकच जागा होती, ती म्हणजे कान. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर.

लाडक्या नंतर आला. तलासरीकडच्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा, झाईच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायला यायचा. बाईंच्या घरामागे झाडावर चढलेला असताना त्याने चेलो ऐकला आणि जाळीची काठी हातात घेऊन तसाच खिडकीशी येऊन उभा राहिला. बाईंनी विचारलं, "कुठे वाजलं?" त्याने पोटावर हात ठेवला. मला दोन महिने लागले होते.

त्याचा बाप तारपा, म्हणजे दुधी भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, बनवायचा आणि वाजवायचा. तारप्याचा दुधी कसा निवडायचा, कसा वाळवायचा, आतून कसा कोरायचा, ते लाडक्या लहानपणापासून बघत आलेला. एकदा तो तारपा घेऊन आला आणि ओटीवर फुंकायला लागला. तारप्यात श्वास तुटत नाही, वाजवणारा फुंकता फुंकताच श्वास आत घेतो. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवसापासून बसचं माप बंद केलं. लाडक्याने फुंकायचं आणि त्याच्या फुंकीवर मी गज ओढायचा. "त्याचा श्वास तुटत नाही, तुझा गज का तुटतो?" मग आम्ही जागा बदलायचो, लाडक्या गज ओढायचा. त्याचा गज खरंच संपायचा नाही. तीन महिन्यांत तो जिथे पोहोचला तिथे मी वर्षाने पोहोचलो नव्हतो.

लाडक्या सगळ्यांना अरेतुरे करायचा, बाईंनाही, मलाही. त्याच्या बोलीत तीच रीत, त्यात अनादर नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी त्याने मला "ए मिस्त्री, तू बोट लय दाबतं" म्हटलं की मी बोट मुद्दाम आणखी दाबायचो. लिहायला लाज वाटते, पण मी त्याचा मत्सर करत होतो.

त्या वर्षी मे महिन्यात बाईंना मोतीबिंदूसाठी लेकीकडे वलसाडला जावं लागलं. घर तीन आठवडे बंद राहणार. चेलो त्यांनी माझ्या ताब्यात दिला. लाडक्याकडे नाही, माझ्याकडे, याचा मला केवढा अभिमान वाटला. "सावलीत ठेव, जवळ ओलं फडकं टांग," एवढंच म्हणाल्या.

बोटी वर काढायचे दिवस होते. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी चेलो माळ्यावर ठेवला, थेट पत्र्याखाली. फडकं पहिले चार दिवस ओलं केलं, मग विसरलो. पंधराव्या दिवशी खाली काढला तर खालच्या अंगाला, वरची फळी आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये वीतभर सांधा उघडलेला. आत नखभर फट.

बाईंच्या नवऱ्याचं वाद्य. तीन आठवडे सांभाळता आलं नाही. त्याच दिवशी बाईंना फोन करून सांगितलं असतं, "बाई, सांधा उघडला," तर त्या काय म्हणाल्या असत्या ते मला आज माहीत आहे. त्या म्हणाल्या असत्या, "उन्हाळ्यात उघडतो तो. ह्यांचा दर दोन वर्षांनी उघडायचा. दीकरा, मुंबईला जाऊन सरस लावून आणू." चेलोचा सांधा मुळात असा कच्चाच चिकटवतात, लाकूड ताणलं तर फळी फुटण्यापेक्षा सांधा सुटावा म्हणून. हे त्या मला नंतर सहज गप्पांमध्ये बोलून गेल्या. तेव्हा मी चहाचा कप तोंडाला लावून बसून राहिलो.

पण त्या दिवशी मी फोन केला नाही. आमच्या धंद्यातली सवय. होडीवाल्याला कळायच्या आत काम करून टाकायचं, म्हणजे बोलणंच नको. मी रेझिन पातळ केलं, हार्डनर घातला आणि त्या फटीतून आत सोडलं. मग विचार केला, आज इथे उघडलाय, उद्या दुसरीकडे उघडेल. सुरीने सांधा आणखी वीतभर सोडवला, काचेच्या मॅटचे बारीक तुकडे चिमट्याने आत सरकवले आणि चेलो हातांत धरून हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवला, होडीचं पोट आतून भरतो तसा, रेझिन कानाकोपऱ्यात पोहोचेपर्यंत. शिकंजे लावले. बाहेरून पॉलिशचा रंग असा जुळवला की मलाही सांधा सापडेना. जन्मात इतकं सुंदर काम केलं नव्हतं. पाण्यात सोडला असता तर तरंगला असता.

वाळल्यावर मी तार छेडली. मला त्याच क्षणी कळलं, आवाज बसला होता. कुणाला मी नंतर सांगितलं असेल की लक्षात यायला वेळ लागला, तर ते खोटं आहे.

बाई परत आल्या. डोळ्याला काळा चष्मा, अंगात उत्साह. चेलो हातात घेतला, मायेने वास घेतला आणि हसल्या, "तुझ्या शेडचा वास लागला की रे याला." मग गज टेकवला. आजीवर ओढला. थांबल्या. परत ओढला. बाजूला मान करून चेलोला कान लावला. मी समोर उभा होतो, लाडक्या दाराशी.

"मला सर्दी झालीय का रे?" त्या म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस त्या वाजवून बघत होत्या. सकाळी, दुपारी, खिडक्या उघडून, खिडक्या लावून. वाद्याला काही झालं असेल ही शंकाच नव्हती, कारण बाहेरून चरा नव्हता आणि ते मिस्त्रीने सांभाळलं होतं. शेवटी म्हणाल्या, "डोळा आला आणि कान गेला. देवाने बदली करून दिली."

कानाच्या डॉक्टरकडे त्यांना घेऊन गेलो तो मीच. माझ्याच मोटरसायकलवर, माझा खांदा धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, वयाच्या मानाने थोडं कमी ऐकू येतंय, काळजी करण्यासारखं नाही. अडुसष्टाव्या वर्षी ते कुणालाही सांगतील. पण बाईंनी 'कमी' हा एकच शब्द उचलला. आणि मीही उचलला, हे जास्त वाईट. परतीच्या वाटेवर मी स्वतःची समजूत घालत होतो की खरंच कान गेला असेल, डॉक्टर कशाला खोटं बोलेल.

दुसऱ्या दिवशी लाडक्या आला. बाई ओटीवर बसल्या होत्या, चेलो खुर्चीला टेकवलेला. त्याने न विचारता चेलो उचलला, पोटावर बोटांनी टकटक केलं, वळणदार भोकातून आत बोट घालून चाचपलं आणि खाली ठेवला.

"बाय, तुझा कान नाय गेला," तो म्हणाला. "याचं पोट भरलंय. आमचा बाप सांगायचा, दुधी आतून मोकळा पायजे, आत काय बी राहिलं तर तो बोलत नाय. हा तसा मुका झालाय."

बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की ती मला आजही बघवत नाही. "मिस्त्री, तुझ्याकडे होता. काय झालं होतं का रे याला?"

त्या एका प्रश्नावर सगळं मिटलं असतं. बाई रागावल्या असत्या, कदाचित रडल्याही असत्या, पण त्यांचा कान त्यांना परत मिळाला असता.

मी म्हटलं, "काही नाही बाई. जसा दिलात तसा आणला." आणि तेवढ्यावर थांबलो नाही. लाडक्याकडे वळून म्हणालो, "चिकू पिकला की कच्चा ते तू सांग. कानाचं डॉक्टरला कळतं. दुधी आणि चेलो एकच वाटला काय तुला?"

लाडक्या माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. नुसता बघत राहिला. मग पायरीवरची काठी उचलून निघून गेला, तो परत आला नाही. बाई हळूच म्हणाल्या, "खरंय तुझं. त्याला बिचाऱ्याला माझं मन राखायचं होतं." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी हातोडी मारून पोकळी शोधणारा, काम जाणणारा माणूस होतो. मला ऐकायला शिकवलं होतं त्यांनीच.

महिन्याभरात त्यांनी शिकवणं सोडलं. आधी शेजारच्या दोघी शिकायला यायच्या त्यांना नाही म्हणाल्या, मग मला. आणि एक दिवस चेलो माझ्या घरी पाठवून दिला, करवंटीसकट. निरोप असा, की तुझे कान शाबूत आहेत, तुझ्याकडे राहू दे, मला समोर दिसला की त्रास होतो.

चेलो दोन वर्षं माझ्या घरात कपाटाच्या बाजूला उभा होता. पाहुणे विचारायचे, हे काय. मी सांगायचो, शोभेचं. बायकोला सगळं माहीत होतं. तिने एकदाच विचारलं, "सांगायचं केव्हा ठरवलंय?" मी म्हटलं, आता सांगून काय होणार, उगाच म्हातारीच्या जीवाला ताप. असल्या शहाणपणाला माझ्याकडे तोटा नव्हता. महिन्यातून एकदा मी झाईला जायचो, बाईंसाठी मासळी न्यायचो, चहा प्यायचो. कर्तव्य केल्यासारखा परत यायचो.

मागच्या हिवाळ्यात असाच ओटीवर बसलो होतो. नारळवाला आला. बाई पूर्वी त्याला अर्धा अर्धा तास उभा करायच्या. एकेक नारळ कानाशी धरून टिचकी मारायच्या, "हा नको, हा आतून कंटाळलाय" असं काहीबाही म्हणत एक निवडायच्या. त्या दिवशी त्यांनी टोपलीतला पहिला नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला.

"तूच बघ बाबा वाजवून. मला आता काय कळतंय."

मला तो नारळ धरवेना. नारळवाला जाईपर्यंत कसाबसा थांबलो आणि मग सगळं सांगितलं. माळा, पत्रा, फडकं, सांधा, रेझिन, मॅट. डॉक्टर. लाडक्या. काही सोडलं नाही. बोलताना मी खाली बघत होतो, त्यांच्या पुरुषी सँडलांकडे.

बाई उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. मग स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले. टण्. थोडा वेळ गेला. टण्. बाई एकेक भांडं चमच्याने वाजवून बघत होत्या. पातेली, तांब्या, परात, वाट्या, डबे. एक वाजवायच्या, थांबायच्या, परत तेच वाजवायच्या. मध्येच त्यांचा स्वतःशी बोललेला आवाज आला, "ही आहे. ही पण आहे." दोन वर्षं त्या घरात ही सगळी भांडी होती आणि बाईंनी त्यांच्याकडे कान फिरवला नव्हता, माझ्यामुळे. मी ओटीवर बसून ते ऐकत होतो आणि जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं खरोखर वाटत होतं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. डोळे लाल, हातात चमचा तसाच. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

"म्हणजे लाडक्या खरं सांगत होता."

"हो बाई."

"आणि तू त्याला म्हणालास, चिकूचं बघ."

"हो."

"मीही तुझंच ऐकलं. माझा कान सांगत होता, तो सांगत होता, आणि मी तुझं ऐकलं." त्यांनी चमचा पदराला पुसला. "माझं मी बघेन, मिस्त्री. माझ्याजवळ रडू नकोस. त्याला जाऊन सांगितलंस का?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग इथे काय बसलायस? अजून ऊन आहे. जा."

मी मोटरसायकल तलासरीकडे काढली. पाडा विचारत विचारत गेलो. लाडक्या अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होता. मला बघून त्याने काम थांबवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि माझ्यासाठी खाट ओढली. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं.

"बायला सांगितलं?" शेवटी त्याने विचारलं.

"आत्ताच."

"मग झालं. बस तू."

"लाडक्या, मी तुझा बाईंसमोर अपमान केला."

"ते सोड." तो पेंढीची दोरी आवळत म्हणाला, "माना ठाऊकच होतं. भोकात बोट घातलं तेव्हा काचेचं कुसळ गेलं बोटात. होडीला लावतं तू, तेच. तीन दिवस निघालं नाय ते."

मी खाटेवर बसलो. विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास? दाखवायचं बोट बाईंना."

"तुझ्या तोंडावर? बायसमोर?" त्याला माझं नवल वाटलं. "मिस्त्रीचं नाव हाय तुझं. मी म्हटलं, आज नाय तर उद्या तूच सांगशील. मी तिथं बसलो असतो तर तुना सांगायला जड गेलं असतं. म्हणून मी यायचं सोडलं."

त्याच्या बायकोने चहा आणून दिला. दोन वर्षं मी समजत होतो की तो माझ्यावर रागावून यायचा थांबला.